कल्लप्पा जागेवरून हलला

१. रिकामी जागा

मंगळवारी संध्याकाळी ऊन उतरलं, लोक कुलर बंद करून दारात आले, तेव्हा तोगरवाडीचा देव जागेवर नव्हता.

देवाचं नाव कल्लप्पा. कन्नडमध्ये कल्लु म्हणजे दगड, आणि आमचा देव खरोखरच दगड आहे. गुडघ्याएवढा, काळा, तोंडाच्या बाजूला चंद्र-सूर्य कोरलेले, अंगावर दरवर्षीचा चुना. सोलापूर वाढत वाढत आमच्यावर येऊन बसलं, त्याआधी तोगरवाडी हे वेगळं गाव होतं. गावाची शीव कुठं ते कळावं म्हणून कल्लप्पा. आता चहूबाजूंनी शहरच आहे आणि महापालिकेच्या घंटागाडीला शीव वगैरे काही कळत नाही, तरी कल्लप्पा आपला बोळाच्या तोंडाशी बसून राखण करायचा.

त्या संध्याकाळी तिथं एक खड्डा होता आणि फुटलेल्या सिमेंटची ढेकळं.

"ह्यो बघा, हितं हाय," मागून कोणीतरी हाक दिली.

कल्लप्पा दाक्षायणी काकूंच्या भाकरीच्या शेडमागं, कडुलिंबाखाली, अगदी नीट उभा होता. सकाळपर्यंत शेड त्याच्या बाहेर होती. आता ती त्याच्या आत, म्हणजे गावात आली होती.

दगडच तर आहे, असं कोणालाही वाटेल. पण गुरुवारी मोजणी होती. शेडमागच्या रानात चन्नवीरमामांनी प्लॉट पाडलेत आणि त्यांना हायवेपर्यंत रुंद रस्ता हवाय. शेड जुन्या गावठाणात असेल तर तिला कोणी हात लावू शकत नाही. बाहेर असेल तर ते अतिक्रमण, शेड पडणार. मोजणीवाले साहेब आधीच सांगून गेले होते, "दप्तरात दोन नकाशे आहेत आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. जागेवर शिवेचा दगड आहे ना? गावातली जुनी माणसं मान्य करतील तो दगड धरू."

थोडक्यात, कल्लप्पा जिथं, तोगरवाडी तिथपर्यंत.

चन्नवीरमामा बुलेटवरून आले. मूळ तोगरवाडीचेच, पण आता शिवेबाहेर, हायवेला लागून बंगल्यात राहतात. गाडीवरून न उतरता त्यांनी दगडाकडे बघितलं.

"देवाला पाय फुटले म्हणायचे. आणि फुटले ते बरोब्बर शेडच्या मागं जाण्यापुरते." कोणीतरी हसलं. "त्यातनं उलटा बसवलाय बघा. देवाचं तोंड गावाकडं नको? ह्याचं रानाकडं. घाईतलं काम लगेच कळतंय की."

सगळ्यांच्या नजरा दाक्षायणी काकूंकडे गेल्या. काकू ज्वारीच्या कडक भाकरी करून विकतात. काका गेल्यापासून घर त्या शेडवरच चालतं.

"मी कशाला देवाला हात लावू?" काकू एवढंच म्हणाल्या.

"मग हे कुणाच्या हातचं?" मामांनी बोट दाखवलं. दगडाच्या अंगावर पिठाचे पांढरे शिंतोडे होते. मातीत हातगाडीच्या चाकांची खूण होती, खड्ड्यापासून लिंबापर्यंत, एक चाक सरळ आणि दुसरं लंगडत गेलेलं. असं लंगडं चाक अख्ख्या तोगरवाडीत एकाच गाडीला आहे. काकूंच्या.

"साहेब यायच्या आत दगड होता तिथं बसवायचा," मामा म्हणाले. "आणि बाई, तू कबूल हो. म्हणजे मी पोलिसात जात नाही."

मही, काकूंची मुलगी, माझ्या बाकावर बसते. तिनं माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. "अक्षता, दुपारी मी क्लासला होते. आई एकटीच होती. कोण ऐकणार तिचं?"

मी मान हलवली. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही खात्री नव्हती.

२. प्रश्न विचारायचा परवाना

माझ्याकडे एक चांगलं निमित्त होतं. भूगोलाच्या मॅडमनी 'माझा परिसर' असा उपक्रम दिला होता आणि हिवाळ्यापासून मी भेटेल त्याला एकच विचारत होते, "तोगरवाडी कुठं सुरू होते?" रिक्षावाले म्हणायचे पाण्याच्या टाकीपासून. पोस्टमनकाका म्हणाले, पिन कोड बदलतो तिथून. निवडणुकीत आमचा अर्धा बोळ एका प्रभागात आणि अर्धा दुसऱ्यात, त्यामुळे नगरसेवकाच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "कामाचं बोल, तुझं घर कुठल्या अर्ध्यात?" पार्सल आणणारा दादा तर रोज फोन करून विचारतो की मॅडम, तोगरवाडी संपली, आता काय करू.

त्यामुळे मी प्रश्न विचारत फिरले तर कोणाच्या कपाळाला आठी पडणार नव्हती.

पहिल्यांदा काकू. शेडमध्ये चुली विझलेल्या होत्या तरी भिंती तापलेल्या.

"मी टेंभुर्णीहून लग्न होऊन आले तेव्हापासून कल्लप्पा बोळाच्या तोंडाशीच आहे," त्या म्हणाल्या. "दुसरीकडं कधी बघितलाच नाही."

"आणि हातगाडी?"

"लिंबाखाली असते. तिला कसलं आलंय कुलूप."

"दुपारी तुम्ही कुठं होता?"

काकूंनी भाकऱ्यांची चळत उगाच सरळ केली. "झोपले होते. पहाटेपासून चुलीपुढं बसल्यावर दुसरं काय होणार."

बाहेर आले तर समोरच्या ओट्यावर काशम्मा लसूण सोलत बसली होती. तिला सगळ्यांचं सगळं माहीत असतं.

"झोपली म्हणती व्हय?" ती म्हणाली. "भर दुपारी छत्री घिऊन गेली की. माझ्या डोळ्यांनी बघितलं. कुटं ते इचारलं तर बोलली बी न्हाय."

काकू खोटं बोलल्या होत्या. आणि महीला हे कसं सांगायचं, मला कळेना.

३. रखवालदाराचं तोंड

माझा आवडता संशयित चन्नवीरमामा होते. विचार केला तर त्यांना हे सोयीचंच होतं. काकूंच्याच गाडीवरून दगड हलवायचा, पीठ फासायचं, मग चारचौघांत चोर चोर म्हणायचं. काकूंवर आळ आला की त्यांचं पुढचं कोण ऐकणार?

हेच डोक्यात घेऊन मी निंगप्पा आज्जांकडे गेले. कल्लप्पाला चुना लावायचं काम त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे. ते देवळाच्या ओट्यावर, पहार भिंतीला टेकवून बसले होते. पहारीच्या टोकाला राखाडी भुकटी लागली होती. मी बाजूला बसले.

"आज्जा, कल्लप्पाला उलटा का बसवला असेल?"

"कुणी सांगितलं उलटा हाय म्हून?"

"चन्नवीरमामांनी."

ते खो खो हसले. "त्याला काय कळतंय. अगं, रखवालदार घराकडं तोंड करून बसतो व्हय? कल्लप्पाची पाठ गावाला आन् तोंड भायेर. येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर. बोळात बी तसाच हुता. तुमी पोरं देवाला बगता कुटं, मोबाइलात बगता."

म्हणजे दगड बरोबर बसवला होता. बसवणाऱ्याला ही रीत माहीत होती आणि मामांना ती माहीतच नव्हती. मामांनी किंवा त्यांच्या माणसांनी हलवला असता तर चंद्र-सूर्य गावाकडे आले असते. माझा आवडता संशयित गेला, आणि उरलं कोण? गावातलं माणूस. कल्लप्पाला रोज नमस्कार करणारं. काकूंसारखं.

"आज्जा, तुम्ही आज दुपारी कुठं होता?"

त्यांनी धोतर वर करून सुजलेले गुडघे दाखवले. "हे बग. असल्या गुडघ्यांनी मी एकटा देव हलवू? लई चौकशा करतीस गं. जा, अभ्यास कर."

मी निघाले. 'एकटा' हा शब्द त्यांनी का वापरला असेल, हे मला घरी जाऊन सुचलं.

४. दात नसलेला माणूस

रुद्रप्पा आज्जा म्हणजे चन्नवीरमामांचे वडील. जन्म तोगरवाडीतला, आता मुलाच्या बंगल्यात राहतात. बुधवारी सकाळची शाळा सुटल्यावर गेले तर ते झोपाळ्यावर बसून पितळी तांब्यातून अंबील पीत होते.

"घे घोटभर," त्यांनी वाटीत ओतून दिली. ताक, ज्वारीचं पीठ, लसूण. चांगली मुरलेली, आंबट. "दात गेले तशी कडक भाकरी गेली. आता दोनी येळा हीच. सून कटाळली करून करून."

"आज्जा, तोगरवाडी कुठं सुरू होते?"

"हे पायाला इचारायचं. येळवसला आली हुतीस की."

आले होते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडे शेताच्या कडेकडेनं अंबील शिंपतात. तोगरवाडीत आता शेतं नाहीत, पण जुनी माणसं अजून मडकं घेऊन शिंपत शिंपत गावाची शीव चालतात. टॉवरच्या मागनं, ब्यूटी पार्लरच्या अंगणातनं. उपक्रमासाठी यंदा मीही चालले होते.

मी काही म्हणणार तेवढ्यात चन्नवीरमामा बाहेर आले.

"काय गप्पा चालल्यात?"

रुद्रप्पा आज्जांनी तांब्या झटकन खाली ठेवला. "काय न्हाय. पोरीचं शाळंचं काम हाय."

"शाळेचं काम शाळेत," मामा मला म्हणाले. मग वडिलांना, "उद्या साहेबांसमोर तुम्ही फक्त मान हलवायची. दगड बोळाच्या तोंडाशी होता, बस. जास्त बोलायचं नाही."

आज्जांनी तिथंच मान हलवून दाखवली.

फाटकापर्यंत ते मला सोडायला आले. हळूच म्हणाले, "दाक्षायणीला पोलीस नेतील का गं?"

मला वाटलं, एवढी काळजी मुलाला नाही आणि ह्यांना का?

५. मुंग्या

शेडपाशी मही माझी वाट बघत होती. तिचे डोळे सुजले होते.

"आईनं सांगितलं काल कुठं गेली होती ते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत, एक खोली बघायला. तिनं ठरवलंच होतं, शेड जाणार. मला कळू नये म्हणून झोपले होते म्हणाली."

ज्या माणसानं हार मानून दुपारच्या उन्हात दुसरी जागा शोधली, ते त्याच दुपारी देव हलवेल? माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी सैल झालं.

आम्ही दगडापाशी बसलो. त्या पांढऱ्या शिंतोड्यांवर मुंग्यांची रांग लागली होती. पीठ असतं तर फुंकरीनं उडालं असतं. हे वाळून खपली धरलेलं होतं. मी बोट ओलं करून घासलं आणि वास घेतला.

"ई, काय करतेस?" मही म्हणाली.

"वास घे."

तिनं घेतला. "ताक? आणि लसूण?"

फक्त दगडावर नव्हतं, जमिनीवरही दगडाभोवती गोल शिंतोडे होते. पीठ सांडलं नव्हतं. कोणीतरी अंबील शिंपली होती, उन्हाळ्यात, येळवस नसताना. कारण देवाला जागेवर बसवून काही न शिंपता निघून जाणं त्या माणसाला जमलंच नाही.

मग मी डोळे मिटून येळवसला चालले होते तशी मनातल्या मनात चालले. बोळाच्या तोंडाशी कल्लप्पाला नारळ फोडला. पुढं सरळ रस्ता होता. पण म्हातारी माणसं सरळ गेली नाहीत. मागं वळून, गटाराच्या काठानं, काट्याकुट्यातनं, शेडच्या मागनं या लिंबाखालून गेली. मला तेव्हा वाटलं होतं, गर्दी नको म्हणून असेल.

"मही, फूटपट्टी काढ."

दगडाच्या बुडाशी आम्ही माती उकरली. आत चपट्या दगडांची गोल बैठक निघाली. लिंबाचं एक जाड मूळ त्या बैठकीला वळसा घालून गेलं होतं, पहिल्यापासून तिथंच असल्यासारखं. एका दुपारीत एवढं मूळ वाढत नाही.

मग आम्ही पळत बोळाच्या तोंडाशी गेलो. तिथल्या सिमेंटचं ढेकूळ उलटं केलं, तर त्यात निळ्या प्लास्टिक पाइपचा तुकडा अडकलेला होता.

मही ढेकळाकडे बघत राहिली. "म्हणजे देव जुना आणि जागा नवी?"

६. नाव सांग

गुरुवारी मोजणीवाले साहेब आले, तसे सगळे शेडमागं जमले. चन्नवीरमामा वडिलांना बुलेटवर मागे बसवून घेऊन आले. रुद्रप्पा आज्जांच्या हातात तांब्या होता. कल्लप्पाला परत न्यायला मामांची दोन माणसं तयार होती. मी दगडापुढं जाऊन उभी राहिले.

"साहेब, याला हलवायच्या आधी माझं ऐका."

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"शाळेचा उपक्रम करती," काशम्मा म्हणाली. लोक हसले.

"बोल बाळ, पण थोडक्यात."

मी त्यांना आधी मुळानं धरलेली बैठक दाखवली, मग सिमेंटमधला निळा पाइप. "कल्लप्पाची खरी जागा ही, लिंबाखालची. बोळाच्या तोंडाशी तो पाण्याची लाइन आल्यावर गेला. येळवसची वाट अजून इथूनच जाते. शेड शिवेच्या आत आहे, पहिल्यापासून."

साहेब वाकून मूळ बघत राहिले. मोबाइलवर दोन-तीन फोटो काढले.

"ते असू दे," चन्नवीरमामा म्हणाले. "जुनी जागा दाक्षायणीला सासूनं सांगितली असेल. म्हणून हलवला."

"माहीत असती तर काकूंनी ही बैठक साहेबांना गेल्याच आठवड्यात दाखवली असती. उत्तर येत असताना पेपर कोरा कोण ठेवतं? त्या तर दुसरीकडं खोली बघत फिरत होत्या. जुनी जागा फक्त त्यालाच माहीत असणार ज्यानं दगड इथं असताना शीव चाललीय."

"मग कुणी हलवला? एवढी हुशार आहेस तर नाव सांग."

नाव मला माहीत होतं. पहारीवरची राखाडी भुकटी, एकटा हा शब्द, मुरलेली आंबट अंबील, सगळं जुळलं होतं. पण ते नाव मुलाच्या तोंडावर घेतलं तर संध्याकाळी त्या बंगल्यात काय होईल, हेही मला दिसत होतं. मी महीकडे बघितलं. तिच्या शेडचा प्रश्न होता. तिनं फक्त खाली बघितलं.

"नाव नाही ना?" मामा हसले. "चला रे, उचला."

माणसं पुढं झाली. तेवढ्यात रुद्रप्पा आज्जा त्यांच्या मधून वाट काढत आले. त्यांनी तांब्या तिरका केला आणि कल्लप्पाभोवती, गोल, अंबील शिंपली. पुन्हा वास सुटला. ताकाचा, लसणाचा.

"मी," ते म्हणाले.

मग ओट्याकडून आवाज आला, "एकटा कुटं हुतास? पहार माझी हुती." निंगप्पा आज्जा गुडघे धरत उठत होते. "बोळाचं गटार खोदताना देव आदीच सैल झालता. म्हून दोघा म्हाताऱ्यांना जमलं. गाडी तेवढी दाक्षायणीची घेतली. लंगडं चाक आमाला काय म्हाईत."

"अप्पा, तुम्ही?" चन्नवीरमामांचा आवाज एकदम लहान झाला.

"पाण्याची लाइन आली तवा ठेकेदारानं देव उचलून तिकडं सिमिटात बसवला," रुद्रप्पा आज्जा साहेबांकडे बघून सांगत होते, मुलाकडे नाही. "आमी दोघं उभं राहून बगत हुतो. घरात नळ येणार हुता. देवाकडं कुणाचं ध्यान? त्यानंतर चालत मात्र जुन्या वाटंनंच ऱ्हायलो. पाय ऐकंनात."

"मला आधी सांगायचं ना," मामा म्हणाले.

"तू मान हलवायला सांगितलीस. बोलायला कुटं सांगितलंस?" आज्जांनी तांब्या पुसला. "वाटलं, देव गुपचूप जागंवर बसला की झालं. आळ दाक्षायणीवर यील हे डोक्यात आलं न्हाय. दोन दिवस झोप न्हाय मला."

साहेबांनी दोघांनाही परत विचारलं, हा दगड, ही जागा, मान्य? दोघांनी मान हलवली नाही. दोघं मोठ्यानं म्हणाले, "व्हय." साहेबांच्या माणसानं मोजणीची टेप कल्लप्पाला टेकवली आणि शेडला आत घेऊन ओढत नेली.

काकू शेडच्या दारात खाली बसल्या. मही त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मग नाक पुसून मला म्हणाली, "तुझा उपक्रम मी सुवाच्य अक्षरात उतरवून देते. तुझं अक्षर मॅडमना वाचता येत नाही."

चन्नवीरमामांनी बुलेट सुरू केली. क्षणभर वाटलं, ते थांबतील. थांबले नाहीत. मागची सीट रिकामीच घेऊन ते धुरळा उडवत हायवेकडे गेले.

रुद्रप्पा आज्जा कल्लप्पाच्या पलीकडं, रानाच्या बाजूला, उन्हात एकटे उभे राहिले. कुठं जायचं ते त्यांना कळत नव्हतं. हातात रिकामा तांब्या.

"अप्पा," काकूंनी हाक मारली, "उन्हात का उभे? आत या."

"मला भाकरी चावत न्हाय गं."

"ताकात कुस्करून देते. या."

आज्जांनी कल्लप्पाच्या डोक्यावर हात ठेवला, वहाणा हातात घेतल्या आणि शीव ओलांडून आत आले.